न्यूटनची नाईट ड्युटी

बारावी सायन्सचा निकाल लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मुलीने इंजिनिअरिंग घेतलं म्हटलं, तर पुढचा प्रश्न 'कम्प्युटर ना?' असा असतो. मेडिकल म्हटलं तर 'पेढे कधी?' एवढंच. 'फिजिक्स घेऊन बी.एस्सी.' म्हटलं की पलीकडून आधी 'अरे वा' येतं, मग थोडी शांतता, आणि मग समजूत घातल्याच्या सुरात, 'पुढे एमपीएससी देता येते म्हणा!' आणि 'नर्सिंग' म्हटलं तर फोनवरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, 'नीटला कितीने हुकलं?' हातात चांगले मार्क असताना, घरात काही अडचण नसताना एखादी मुलगी आपण होऊन नर्सिंगला जाते, हे आपल्याला अजून खरं वाटत नाही.

माझ्या भाचीने दोन्ही सांगितलं. फिजिक्सची पदवीही करायची आणि नर्सिंगचीही. त्याही एकीनंतर एक नव्हे, जोडीने.

ताईने आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. दाजी बँकेतून निवृत्त झाल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत खातेपुस्तक दिसतं. ते म्हणाले, "दोन्हींची पासबुकं वेगळी, सह्या वेगळ्या. एक काय ते ठरव." आजीने, म्हणजे माझ्या आईने, शेंगा सोलता सोलता फक्त विचारलं, "दोन्ही झाल्यावर पगारही दोन मिळतात का गं?" याचं उत्तर घरात कोणाकडेच नव्हतं. खाजगी रुग्णालयातल्या सिस्टरांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, एकच वेळेवर मिळाला तरी पुष्कळ.

भाचीने मात्र घरातल्यांचे चेहरे सोडून थेट कागद दाखवायला सुरुवात केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं आहे की विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करता येतील. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील, तर एकाच्या तासावर दुसऱ्याचा तास येता कामा नये, एवढीच अट. दाजींनी कागद हातात घेतला आणि कर्जाच्या अर्जाची मागची बाजू वाचायच्या सवयीने ते थेट खाली गेले. तिथे होतंच. ज्या अभ्यासक्रमाला व्यावसायिक परिषद आहे, त्याला त्या परिषदेचेही नियम लागू.

नर्सिंगला परिषद आहे. १९४७ च्या कायद्याने झालेली भारतीय परिचर्या परिषद. तिचं म्हणणं असं, की बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सत्रांचं, पूर्णवेळ. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी. पदवी हातात पडायच्या आधी वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाची हजेरी १०० टक्के. शंभर टक्के हजेरी ही कल्पनाच आपल्याकडे फक्त पंगतीच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरलेली आहे. आता फिजिक्सच्या प्रयोगशाळेची वेळ मंगळवारी दुपारची आणि वॉर्डातली इव्हनिंग ड्युटी मंगळवारी दुपारपासूनची. एकच वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते की नाही, हा प्रश्न क्वांटम मेकॅनिक्सवाले फार प्रेमाने चघळतात. पण तिथे वस्तू म्हणजे इलेक्ट्रॉन असतो आणि त्याला हजेरीपटावर सही करावी लागत नाही.

मग भाची कॉलेजांतून फिरून आली. कुठली कॉलेजं ते सांगण्यात अर्थ नाही, काउंटरच्या पलीकडचा माणूस सगळीकडे एकच असतो. फिजिक्सच्या बाजूचे क्लार्क म्हणाले, "आम्ही देऊ हो प्रवेश. आधी तिकडचं ना-हरकत आणा." नर्सिंगच्या बाजूचे म्हणाले, "आमची हरकत नाही, पण इकडचं ना-हरकत हे तिकडचं ना-हरकत आल्यावर निघतं." शिवाय विद्यापीठं दोन. नर्सिंग महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, फिजिक्स सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे. दोघांचे पेपर एकाच सकाळी आले तर काय, याचं उत्तर शोधताना दाजींचा चष्मा पुसून पुसून पातळ झाला.

गंमत अशी की नर्सिंगच्या दारात फिजिक्स लागतंच. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी असल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आत गेल्यावर पहिल्या सत्रात शरीररचना असते, शरीरक्रियाशास्त्र असतं, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी, नर्सिंग फाउंडेशन, सगळं असतं. फिजिक्स नसतं. लग्न जुळवताना पत्रिका हवीच असते, आणि एकदा वरमाला पडली की पत्रिकेची चौकशीही कोणी करत नाही, तशातली गत. भाचीचं म्हणणं होतं, "मामा, नर्स दिवसभर फिजिक्सच करते. फक्त तिला त्याचे मार्क कोणी देत नाही."

मी रुग्णालयात नातेवाईक या पदावर पुष्कळ काम केलेलं आहे. पलंगाशेजारच्या त्या गोल स्टुलावर बसून मी जे पाहिलं, त्यावरून मला हे लगेच पटलं.

सलाईनच घ्या. वॉर्डात दुसरं बघण्यासारखं काही नसल्यामुळे प्रत्येक नातेवाईक टक लावून सलाईन बघतो. थेंब पडतोय, थेंब पडतोय, थेंब थांबला का? "सिस्टर!" थोड्या वेळाने त्याला असं वाटायला लागतं की हे आपल्यालाही जमेल. नळीवरच्या त्या चाकाला तो हळूच हात लावतो. कारण डिस्चार्ज बारा वाजता आहे, बाटली अर्धी आहे, आणि पैसे पूर्ण बाटलीचे भरलेत. इतक्यात सिस्टर येते. ती काही बोलत नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठांनी थेंब मोजते आणि चाक होतं तिथे आणून ठेवते. साध्या सेटमध्ये एका मिलिलिटरचे २० थेंब. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं म्हणजे दहा हजार थेंब २४० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला बेचाळीस. हे गणित ती पहाटे तीन वाजता, दुसऱ्या पलंगावरचे आजोबा नळी उपटत असताना, तोंडी करते. आमच्या बारावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर करायला दोघे उभे राहायचे आणि तिसरा कॅल्क्युलेटर आणायला जायचा.

आणि या थेंबांच्या मागे जो माणूस उभा आहे तो तर दोन्ही घरचा पाहुणा. प्वाझई. फ्रेंच नाव असल्यामुळे प्रत्येक कॉलेजात त्याचा उच्चार वेगळा होतो. आमच्या सरांनी त्याचा 'पॉइझुली' केला होता आणि आम्हाला तो इटालियन वाटायचा. बारीक नळीतून द्रव किती वेगाने वाहील, ते त्याच्या नियमाने काढतात. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. वॉर्डात हेच ज्ञान रंगांत सांगतात. हिरवी सुई १८ नंबरची, जाड. गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४, बारकी. आकडा वाढेल तशी सुई बारीक. अपघाताचा रुग्ण आला आणि भराभर द्रव द्यायचा असला की सिस्टर हिरवीला हात घालते. चौथ्या घाताचं नाव कोणी काढत नाही, पण पिवळी लावून भागणार नाही हे तिच्या हाताला ठाऊक असतं.

हा प्वाझई स्वतः डॉक्टर होता. आधी पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये भौतिकशास्त्र-गणिताच्या वाऱ्याला बसून आलेला, मग वैद्यकात गेलेला. १८२८ च्या प्रबंधात त्याने रक्तदाब पाऱ्याच्या नळीने मोजला. नंतर काचेच्या बारीक नळ्यांतून द्रव सोडून मोजमापं घेत बसला, तेही रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून कसं वाहतं हे कळावं म्हणून. पुढे काय झालं? फिजिक्सवाल्यांनी रुग्ण काढून टाकला आणि नळी ठेवली. नर्सिंगवाल्यांनी रुग्ण ठेवला आणि सूत्र काढून टाकलं. तेव्हापासून ही दोन कुटुंबं एकमेकांकडे जात-येत नाहीत. भाचीला यांच्यात सोयरीक जुळवायची होती, एवढंच.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत अजूनही प्वाझईचा प्रयोग असतो. पाण्याची टाकी, आडवी केशनळी, बीकर, स्टॉपवॉच. पाण्याची श्यानता काढायची. उत्तर काय यायला हवं ते मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये आधीच असतं, त्यामुळे निरीक्षणं उत्तराकडून सुरुवातीकडे घ्यायची पद्धत आहे. या बाबतीत नर्सिंगचे विद्यार्थीही अगदीच मागे नाहीत म्हणा. तापाच्या तक्त्यात अख्ख्या वॉर्डाला ९८.६ लिहिणारे हात मी पाहिलेले आहेत. पण तिथे एक ट्यूटर मॅडम असतात. त्या तक्ता घेऊन सरळ रुग्णाच्या कपाळाला हात लावतात. पाण्याच्या बीकरला असा हात लावून कोणी कधी खोटं पकडलेलं नाही.

पलंगाची चादर घालणं हा तर मला भौतिकशास्त्राचा सर्वांत दुर्लक्षित प्रयोग वाटतो. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी तो असतो आणि त्याला परीक्षा असते. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून आत खोचायचा, आणि वर एकही सुरकुती नको. दाजींनी हे ऐकलं आणि म्हणाले, "चार वर्षं फी भरून चादरी घालायच्या?" भाचीने त्यांना दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. मग तिने सांगितलं, की हालचाल न करता पडून असलेल्या माणसाचं वजन टाच, माकडहाड, खांदा अशा थोड्याशा जागेवर येतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब अगदी कमी, पाऱ्याच्या तीसेक मिलिमीटरच्या आसपास. बाहेरचा दाब त्याहून वाढून तसाच राहिला की रक्त पोचत नाही आणि कातडी मरायला लागते. चादरीची सुरकुती म्हणजे क्षेत्रफळ आणखी कमी. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणून हवेची गादी. दाजी काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी आपली चादर स्वतः ताणून घेतली, असं ताई सांगते.

रक्तदाबाचंही तेच. एकशेवीस म्हणजे एकशेवीस काय, हे विचारायचं आपल्याला कधी सुचत नाही. पाऱ्याचे मिलिमीटर. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, म्हणून यंत्र टेबलावर मावतं. पाण्याने मोजायचं ठरवलं तर तोच आकडा १६३ सेंटिमीटर होईल आणि सिस्टरला वॉर्डात शिडी घेऊन फिरावं लागेल. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्रीबुवांनी हे खरोखरच केलं होतं. घोडीच्या धमनीला उंच काचनळी जोडली तर रक्त आठ फुटांच्याही वर चढलं. पुस्तक आलं १७३३ साली. घोडीचं मत नोंदवलेलं नाही. आणि हे उंचीचं प्रकरण अजून संपलेलं नाही. हात हृदयाच्या पातळीला ठेवून बीपी घ्यायचं असतं. तो दहा सेंटिमीटर खाली लोंबू दिला तर आकडा सात-आठने वाढतो. आपल्याकडे कितीजणांची गोळी ही खरं तर खुर्चीला हात नसल्यामुळे सुरू झाली असेल, याचा कोणीतरी शोध घ्यायला हवा.

ऑक्सिजनच्या लहान सिलिंडरच्या काट्याकडे एकदा बघून "पहाटे चारपर्यंत जाईल" असं सांगणारी सिस्टर बॉइलचा नियम सांगत असते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर हत्यारं निर्जंतुक करणारी सिस्टर आजीच्या कुकरचंच काम करत असते, फरक इतकाच की तिथे शिट्ट्या मोजत नाहीत, घड्याळ लावतात. आणि फिजिक्सच्या पुस्तकात 'घर्षण नगण्य मानू' असं एक सुखाचं वाक्य असतं. नव्वद किलोच्या गृहस्थांना पलंगावरून स्ट्रेचरवर घेताना ते म्हणून पाहावं.

एवढं सगळं ऐकून दाजींनी तडजोड सुचवली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. कर, मग भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका असते ती कर. कॅन्सरच्या रुग्णालयात किरणांच्या मात्रा ठरवणारे मेडिकल फिजिसिस्ट त्यातूनच येतात. रुग्णालयही झालं, फिजिक्सही झालं. सूचना खरोखर चांगली होती. शिवाय 'भाभा' हा शब्द उच्चारताना दाजींची मान आपोआप ताठ होते. भाची म्हणाली, "बाबा, तिथे मी पेशंटचा प्लॅन बघेन. रात्री दोनला त्याला उलटी झाली तर दुसरंच कोणी उठेल. मला ते दुसरंच कोणी व्हायचंय, आणि त्या प्लॅनमध्ये काय लिहिलंय तेही कळायला हवंय."

"असं कोणी केलंय का आजवर?" हा आपल्याकडचा शेवटचा आणि कायमचा प्रश्न. मुलीने त्याची तयारी केलेली होती.

इरेन क्युरी. आई मारी क्युरी, त्यामुळे घरात तेव्हाच नोबेल पारितोषिकं दोन. त्यात वडिलांचाही वाटा. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा पोरगीला सतरा पूर्ण व्हायचे होते. आईने मोटारींत क्ष-किरण यंत्रं बसवून त्या थेट आघाडीकडे न्यायला सुरुवात केली. लोक त्या गाड्यांना 'छोट्या क्युरी' म्हणायचे. इरेन पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये शिकत होती. आईला मदत करायची म्हणून तिने शिकता शिकताच नर्सिंगचा कोर्स केला. काही महिने आईबरोबर काम केलं आणि मग आईने तिला बेल्जियममधल्या एका क्ष-किरण केंद्रावर एकटीला सोडलं. आपल्याकडे मुलगी हॉस्टेलला जाताना तिच्याबरोबर लाडवांचा डबा, गादी आणि काका जातात. हिच्याबरोबर एक यंत्र होतं, आणि ते बिघडलं की हिनेच दुरुस्त करायचं.

काम होतं जखमी सैनिकाच्या अंगातला गोळ्याचा तुकडा नेमका कुठे आणि किती खोल आहे ते सांगण्याचं. यंत्र थोडं सरकवायचं, दोन जागांवरून सावली घ्यायची आणि खोली काढायची. समरूप त्रिकोण, आपल्या शाळेतल्या भूमितीतले, ज्यांचा पुढे काही उपयोग नसतो असं आपण गेली कित्येक वर्षं ठामपणे सांगत आलो. चरित्रकार एका लष्करी सर्जनची गोष्ट सांगतात. या पोरीने भूमिती करून तुकड्याची जागा सांगितली, ती त्याला पटेना. गोळा जिथून आत शिरला तिथूनच तो कोरत राहिला. सापडलं काही नाही. शेवटी तिने सांगितलेल्या बाजूने गेला आणि तुकडा मिळाला. पुरुषी आत्मविश्वासाची इतकी अचूक क्ष-किरण तपासणी दुसरी नसावी.

मला थक्क करतं ते पुढचं. याच धामधुमीत तिने सॉर्बोनची प्रमाणपत्रं मिळवली, गणित १९१५, भौतिकशास्त्र १९१६, रसायनशास्त्र १९१७, तिन्ही उत्तम शेऱ्यासह. १९३५ मध्ये नवऱ्याबरोबर रसायनाचं नोबेल. त्या काळात किरणांपासून संरक्षण मात्र जेमतेम होतं. १९५६ मध्ये ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. आज वॉर्डात फिरतं एक्स-रे यंत्र आलं की टेक्निशियन ओरडतो आणि सिस्टर चार पावलं मागे सरकतात. अंतर दुप्पट, मात्रा पाव. हा व्यस्त वर्गाचा नियम पाळायला त्यांना कोणी व्युत्पत्ती विचारत नाही.

"पण तिला ऐंशी टक्के हजेरी नव्हती," दाजी म्हणाले. हा मुद्दा बिनतोड होता.

घरातलं हवामान बदललं ते इरेनमुळे नव्हे, जर्मनीमुळे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत, ही बातमी शेजारच्या काकूंनी जिन्यात सांगितली. दुसऱ्या दिवशी 'नर्सिंग' या शब्दाला दारावर तोरण लागलं. नीटला कितीने हुकलं विचारणारे गृहस्थ आता जर्मन भाषेचा क्लास कुठे आहे ते विचारू लागले. ताईने बायोडेटात लिहायच्या मजकुराचा अंदाज घेतला. 'बी.एस्सी. (फिजिक्स), बी.एस्सी. (नर्सिंग)' हे वाचून मुलाकडचे गोंधळतील म्हणून तिने दोन्हीच्या मध्ये 'परदेशी संधी' घालून पाहिलं. आजीला फक्त एवढंच कळलं की तिकडे थंडी फार असते.

सध्याची परिस्थिती अशी. नर्सिंगचा प्रवेश झाला आहे. फिजिक्सचा अर्ज भरला आहे आणि तो दोन ना-हरकतींच्या मध्ये कुठेतरी स्थिर संतुलनात आहे. भाचीने मात्र तो झालाच आहे असं धरून वेळापत्रक काढलं आणि फ्रिजवर चिकटवलं. मॉर्निंग ड्युटी निळ्या शाईत, नाईट लाल, फिजिक्सचे तास हिरवे, प्रॅक्टिकल जर्नलं रविवारी. एकही तास दुसऱ्यावर येत नाही. अनुदान आयोगाला यात बोट ठेवायला जागा नाही. चष्मा लावून आजीने ते वरून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यात झोप कुठाय?"

भाचीने खाली कोपऱ्यात दाखवलं. गुरुवारी दुपारी पाऊण तास, पेन्सिलने, 'ऐच्छिक विषय' या मथळ्याखाली.

"हा विषय तू घ्यायचाच," आजी म्हणाली, आणि तिने पेन्सिलीवरून पेन फिरवलं.